वर्गातली मोळी

कोल्हापूरकडचा फड
९ डिसेंबर २०२४

चि. अंगद,

रीत आहे म्हणून चिरंजीव लिहिलं. आज तुला आशीर्वाद द्यायला माझा हात वर होत न्हाई. तेवढा आईच्या पाया पडून तिच्याकडून घे.

फोन न करता पत्र कावून लिहिते ते आधी सांगते. फोन आरोहीच्या बापाकडं असतो, आणि ते पाचटाच्या कोपीत बसून स्पीकर लावून बोलतात. तुला जे सुनवायचंय ते सगळ्या टोळीनं ऐकावं असं मला वाटत न्हाई. मुकादमाचे ट्रॅक्टर दुरुस्त करायला चौसाळ्याचा अबरार दर आठवड्याला इकडं येतो. त्याच्या हाती हे देते. उत्तरही त्याच्याच हाती दे.

परवा संध्याकाळी सुग्रीव मुकादम गावाकडून आला. उतरल्या उतरल्या यांच्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाला, बघ बे बजरंग, तुझी पोरगी काय करायलीय. मी भाकरी थापत होते, मान वर केली. आपल्या शाळेचा व्हरांडा. माझी आरोही शाळेच्या कपड्यांत खाली बसलेली, आणि तुराट्यांची मोळी बांधायलीय. गुडघा रोवून, दात खाऊन आवळायलीय, जशी मी उसाची आवळते. आणि मागं तू उभा. हातात वही, तोंडावर हसू.

सगळी टोळी गोळा झाली. एक जणी म्हणाली, अगं बया, गाठ तर बघा, थेट आईवर गेली. दुसरी म्हणाली, शाळेत आता हाच विषय हाय का. मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की चौथीतली पोर असली मोळी बांधती म्हणल्यावर तिला तिकडं खिचडी खायला ठेवून काय करता, इकडं आणा. सगळे हसले. हेही हसले. माझी भाकरी तव्यावर जळाली.

अंगद, गेली तीन वर्षं ती आमच्यासंगं फडावर येत होती. यंदा मी भांडून तिला आईपाशी ठेवलं. दिवाळीनंतर ट्रॅक्टरवर चढताना ती माझ्या पदराला लोंबकळत होती, तिची बोटं मी एकेक करून सोडवली. कशासाठी? तिच्या हाताला मोळी लागू नये म्हणून. आणि तू तिचा सख्खा मामा, वर्गात मदतनीस म्हणून बसतोस आणि तिला मोळी बांधायला लावतोस? एवढंच शिकवायचं होतं तर मी घरची मास्तरीण होते की.

याचा खुलासा कर. गोड नको, खरा कर.

तुझ्यावर माया ठेवायची का काढून घ्यायची ते उत्तर वाचून ठरवीन.

वनमाला


ता. शिरूर कासार
१४ डिसेंबर २०२४

ती. वनमालाअक्कास,
अंगदचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र अबरारभाईंनी काल शाळेत आणून दिले. मी ते तीन वेळा वाचले. उत्तराचा हा दुसरा कागद आहे. पहिल्यावर खाडाखोड झाली म्हणून तो बाजूला ठेवला. आईचा गुडघा दुखतो, पण ती चालती-फिरती आहे. तिला पत्रातले सगळे वाचून दाखवले नाही.

तू जे पाहिलेस ते खरे आहे, पण अर्धे आहे. सुरुवातीपासून सांगतो.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आरोहीने पाटी फोडली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीचे दप्तर नाल्यात टाकले. आठव्या दिवशी वर्गातल्या रामने तिला सांगितले की तुझ्या मायबापाचा ट्रॅक्टर घाटात उलटला. ते खोटे होते, तो चिडवत होता. त्याचेही आईबाप फडावरच आहेत. आरोहीने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त आले. मुख्याध्यापक म्हणाले की असले जनावर वर्गात चालणार नाही, घरी नेऊन बसवा. हे मी तुला फोनवर सांगितले नाही, कारण दाजी ऐकत होते.

वर्गात सत्तावीस मुले आहेत. त्यांतल्या बारा जणांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत. दिवाळीनंतर या वर्गात नुसती भांडणे चालतात. आमच्या समिना मॅडम बीडला एक प्रशिक्षण करून आल्या होत्या, मुलांना राग आला, रडू कोसळले तर काय करायचे याचे. त्यांनी तोंडांचा तक्ता लावला. हसरे, रडके, रागावलेले, घाबरलेले. आज तुमचे तोंड कोणते आहे त्यावर बोट ठेवा, असे सांगितले. सत्तावीसच्या सत्तावीस मुलांनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवले. त्यांना वाटले तेच बरोबर उत्तर आहे. मग राग आला की दहापर्यंत आकडे मोजायला शिकवले. तर ती पाढ्यांसारखी ओरडून मोजायला लागली, आणि आधी कोण संपवतो यावरून आणखी मारामारी झाली. मॅडम कपाळाला हात लावून खुर्चीत बसल्या.

एका दुपारी आरोहीला वर्गाबाहेर काढले होते. व्हरांड्यात खिचडीच्या चुलीसाठी तुराट्या पडलेल्या असतात. तिने आधी त्या लाथाडल्या. मग खाली बसली, त्या गोळा केल्या आणि सुतळीने बांधायला लागली. मी खिडकीतून बघत होतो. तिने मोळी इतकी आवळली की दोन तुराट्या मोडल्या. मग सोडली. पुन्हा बांधली. तीनदा असे केले, आणि आपण होऊन आत येऊन वजाबाकीची गणिते करायला बसली. अक्का, मी तिला यातले काही शिकवले नाही. ती हे तुझ्याकडे बघूनच शिकली असणार.

हे मी मॅडमना सांगितले आणि आम्ही नियम केला. ज्याला राग येईल त्याने न विचारता बाहेर जायचे, हवी तेवढी घट्ट मोळी बांधायची, मग आपल्याच हाताने ती सोडायची आणि आत यायचे. कुणी त्याला हसायचे नाही. माझ्या हातातली वही त्याचीच आहे. कोण, किती वाजता गेले, किती मिनिटांत शांत झाले, हे मी लिहितो. पहिल्या आठवड्यात मारामाऱ्या एकोणीस होत्या, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात चार. राम तर कुणी न सांगता जाऊन बसतो. मुकादमाने बांधताना दाखवले, सोडताना दाखवले नाही.

तू इतकी रागावली आहेस की तुलाही इथे आणून एक मोळी बांधायला बसवावे असे मनात आले. हे हसण्यावारी ने.

दाजींना नमस्कार. आरोही तुझी आठवण काढते. धाकट्यावर जो जीव आहे तो तसाच राहू दे.

तुझा,
अंगद


कोल्हापूरकडचा फड
२१ डिसेंबर २०२४

अंगद,

आज चिरंजीवही लिहीत न्हाई.

हसण्यावारी ने म्हणतोस. वाचून मी खरंच हसले, आणि बाजूच्या कोपीतली बाई विचारायला आली की बरं न्हाई का. मला मोळी बांधायला बसवतोस? तांबडं फुटायच्या आधी फडात शिरते ती दिवस बुडेस्तोवर दुसरं काय करते मी? बारा वर्षं बांधतेय. त्यानं राग जात असता तर आजवर लोकांनी माझी आरती केली असती. राग जात न्हाई रे. हात दमतात. दमलेल्या माणसाला तू शांत म्हणतोस, आणि वर वहीत मिनिटं मांडतोस.

तुझं सगळं खरं धरलं. पोरगी चावली, तक्ता फसला, मोळीनं ती गप बसली. पण तू काय केलंस ते तुझ्या वहीत न्हाई, म्हणून मी सांगते. दर वर्षी फडावर हे म्हणायचे, पोरीला कामाला लावू, हाताखाली होईल. दर वर्षी मी म्हणायचे, तिचे हात कवळे हायेत, तिला गाठ मारता येत न्हाई, तिच्या मोळ्या मलाच पुन्हा बांधाव्या लागतील. यंदा तेच सांगून तिला आईपाशी ठेवलं, की कामाची न्हाई तर इकडं कशाला. एवढं एकच माझ्याकडं होतं. शिक्षण, शाळा, शिकून मोठी होईल, असलं यांच्यापुढं कायबी चालत न्हाई. गाठ येत न्हाई, एवढंच चालायचं. ते तू माझ्या हातातून काढलंस आणि मुकादमाच्या मोबाईलमधी घातलंस.

आता हे रोज म्हणतात की तू मला आजवर खोटं सांगत होतीस. ते खरंच हाय, मी खोटंच सांगत होते. ती सात वर्षांची असल्यापासून माझ्याहून चांगली गाठ मारते. मी तिला यांच्यापुढं मारू दिली न्हाई. मुकादमानं तिला कामात धरलंय. संक्रांत झाली की हे तिला न्यायला येणार.

आई-बाप तोडीला जायचे तेव्हा मी सहावीतून शाळा सोडली ती तुला कडेवर घ्यायला. तुझी बाराखडी मी गिरवून घेतली. पुढं तू बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालास. मला वाटलं, असू दे, निदान शाळेच्या दारात तर उभा हाय. तिथं उभा राहून तू हे केलंस.

मोळी आजच्या आज बंद कर. पोरं भांडू देत, चावू देत, पाट्या फोडू देत. माझी लेक बांधताना पुन्हा कुणाला दिसता कामा नये.

आईला नमस्कार सांग. तुझ्यासाठी खाली लिहायला काय उरलं न्हाई.

वनमाला


ता. शिरूर कासार
२८ डिसेंबर २०२४

ती. वनमालाअक्कास,
सा. न. वि. वि.

तू चिरंजीव लिहिले नाहीस, पण मी तीर्थरूप लिहिणे सोडणार नाही. ते माझ्या हातात आहे.

मोळी बंद केली. २४ तारखेला तुझे पत्र मिळाले, त्याच दिवशी सगळ्या तुराट्या स्वयंपाकाच्या खोलीत नेऊन टाकल्या आणि कडी लावली. मुलांनी विचारले, मामा, कावून? वर्गातली सगळीच मुले मला मामा म्हणतात. मॅडमना तुझे म्हणणे सांगितले. त्या म्हणाल्या की अंगद, पोरांना जे येत होतं ते आपण उचललं, पण ते त्यांना कशापायी येतं याचा विचारच केला नाही. त्या स्वतःला दोष देत होत्या, पण कल्पना माझी होती. तुझे बरोबर आहे, असे मी इथे स्पष्ट लिहितो.

आता माझेही ऐक. चावू देत, असे तू तिथे बसून लिहितेस. रामच्या मनगटावरचे दात मी पाहिले. त्याच्या आजीच्या शिव्या मी खाल्ल्या, त्यात आपल्या आईचाही उद्धार झाला. पोरगी इथे ठेवून जायची, आणि तिला कुणी शांत केले तर तो वैरी. मग मी काय करायचे ते तरी सांग. इंग्रजीचे तू मला जन्मभर ऐकवणार आहेस, ऐकव. पण दाजींना का ऐकवत नाहीस? मला झोडपायला तुझे पेन चालते, मग त्यांच्यापुढे तोंड का चालत नाही?

हे वाक्य खोडावे असे दोनदा वाटले. खोडले नाही.

मोळी नाही तर काय, हे मॅडमनी मुलांनाच विचारले. एक म्हणाला, मिरच्या कुटायच्या. एकीने सांगितले, रिकाम्या हौदात तोंड घालून ओरडायचे. पण शेजारी पहिली-दुसरीचा वर्ग भरतो म्हणून ते नाकारले. शेवटी चिखलाचे गोळे करून मागच्या भिंतीवर मारायचे ठरले. ते दोन दिवस चालले. त्या भिंतीवर नुकतेच सुविचार रंगवले आहेत म्हणून मुख्याध्यापकांनी बंद करायला लावले. सध्या ज्याला राग येईल त्याने मॅडमच्या खुर्चीजवळ येऊन उभे राहायचे, एवढेच आहे. राम दिवसातून पाच वेळा उभा असतो. मॅडम म्हणतात, याला इथेच बाक टाकून द्यावा.

आरोही मात्र एकदाही उभी राहिलेली नाही. मी तिला समजावून सांगितले की मोळी बांधल्याचे आईला आवडलेले नाही, आता राग आला की आवरायचा. तिने लगेच मान डोलावली. तेव्हापासून वहीत तिच्या नावापुढे शून्य आहे. चावणे नाही, फोडणे नाही, वर्गाबाहेर जाणे नाही. निदान हे वाचून तरी तुला बरे वाटेल.

दाजी कधी येणार ते नक्की कळव. मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा का, की ग्रामपंचायतीत? अर्जाचा मसुदा तयार आहे. भांडण हवे तितके कर, पण नाते राखून कर.

तुझा,
अंगद


कोल्हापूरकडचा फड
५ जानेवारी २०२५

अंगद,

तोंड का चालत न्हाई असं विचारलंस. चालवलं. यांना म्हणाले, पोरगी येणार न्हाई. त्याचं उत्तर माझ्या पाठीवर हाय, कागदावर मावायचं न्हाई. पुन्हा असलं विचारू नको.

सोळा तारखेला हे येतील, अबरारच्या गाडीतून. अर्ज करू नको. आपल्या गावात अर्ज वाचायच्या आधी मुकादमाला फोन जातो.

तू काय करावंस ते मी सांगत न्हाई. तुला सांगून केलेलं आजवर कायबी नीट झालेलं न्हाई. तिचा स्वेटर बरोबर दे, इकडं उसात सकाळी गारठा लई असतो. खोकल्याची बाटली दे. आणि तिच्या गळ्यात पडून रडू नको. हे इथं येऊन सगळ्यांना तुझी नक्कल करून दाखवतील, आणि मला ती भाकरी थापत बघावी लागंल.

वनमाला


ता. शिरूर कासार
१७ जानेवारी २०२५

ती. वनमालाअक्कास,
सा. न. वि. वि.

काल झाले ते क्रमाने लिहितो.

दाजी साडेअकराला आले. अबरारभाईंनी गाडी शाळेच्या फाटकाशी लावली. दाजींनी मुख्याध्यापकांना सांगितले की पोरीला न्यायला आलोय. मुख्याध्यापक म्हणाले, बापाचा हक्क आहे, आम्ही कोण. समिना मॅडम म्हणाल्या की शाळा चालू असताना चौथीतली मुलगी कामाला नेता येत नाही, कायदा आहे. दाजी म्हणाले, कामाला कोण म्हणलं? मायकडं न्यायलोय. लेकरू मायकडं न्यायला बी कायदा लागतो का मॅडम?

मग दाजींनी वर्गाच्या दारातून हाक मारली. आरोही उठली. वही मिटली, पेन्सिल दप्तरात ठेवली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारले, मामा, खिचडीची ताटली माझीय, ती नेऊ का हितंच ठेवू? डोळ्यांत पाणी नाही. मुख्याध्यापक सगळ्यांना म्हणाले, बघा, किती समंजस झाली, दिवाळीनंतर हीच चावत होती. अक्का, खरे लिहितो, क्षणभर मलाही अभिमान वाटला.

तू सांगितलेला स्वेटर मी आणला होता. तो घालायला लागलो तर ती हात पुढे करेना. थंडी पडल्यापासून ती गणवेशाखाली लांब बाह्यांचा सदरा घालते. मी हात धरून स्वेटरमध्ये घातला तेव्हा सदऱ्याची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे वण होते. काही काळे पडलेले, काही लाल. दात तिचेच होते. तिचा वरचा एक दात पडला आहे, ती फट प्रत्येक वणात दिसत होती. मी ते मोजले नाहीत.

मी विचारले, हे कधी गं? ती म्हणाली, राग आल्यावर. मोळी बंद हाय ना. तूच म्हणलास, आवरायचं.

तिथे मी खाली बसलो. तिला विचारले, तुला जायचंय का? तिने मान हलवली, नाही. मी म्हणालो, मग आवरू नको. माझं ऐकू नको. जेवढा आलाय तेवढा ओरड.

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटते, हीसुद्धा काही परीक्षा आहे का, हे ती बघत होती. मग ओरडली. त्यात शब्द नव्हता. खिचडीवाल्या बाई हातात पळी घेऊन धावत आल्या. मग राम ओरडला. मग त्याच्या मागचा. थोड्या वेळात सगळा वर्ग ओरडत होता, ज्यांचे आईबाप घरी आहेत तीसुद्धा. रस्त्याने चाललेल्या बाया आत आल्या, पारावरचे म्हातारे उठून आले, आणि जो येई तो विचारी, कुणी मारलं लेकराला? आणि सगळे दाजींकडे बघत.

दाजी मला म्हणाले, आवर बे तिला, त्याचीच नोकरी करतो ना तू. मी म्हणालो, आज आवरणार नाही. त्यांनी माझ्या कानाखाली दिली. डावा कान अजून वाजतो. मी मागे सरकलो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मी मागे सरकणारा माणूस आहे हे तुला माहीत आहे.

त्यांनी तिचा दंड धरून फाटकापर्यंत ओढले. तिने फाटकाची सळई धरली ती सोडली नाही. तेव्हा अबरारभाईंनी गाडीची चावी खिशात घातली आणि म्हणाले, बजरंगभाऊ, ओरडतं लेकरू घेऊन मी बीड ओलांडू शकत न्हाई. पहिल्याच नाक्यावर मला पोरचोर म्हणून उतरवतील, आणि माझं नाव ऐकल्यावर तर चहाबी पाजणार न्हाईत. तिचं ओरडणं संपू द्या, मग निघू. दाजी थांबले. अर्धा तास थांबले. ती दमली की राम सुरू करायचा, राम दमला की ती. बाया तिथून हलल्या नाहीत. एकीने दाजींना तोंडावर विचारले की माय आजारी हाय का, मग एवढी घाई कशाची? शेवटी दाजी एकटेच गाडीत जाऊन बसले आणि काच वर करून घेतली.

आरोहीचा आवाज बसला आहे. आई तिला हळद घालून दूध देते. हाताला खोबरेल लावले. मुख्याध्यापकांनी मला सांगितले की तू पोरांना चिथावलेस, सोमवारपासून येऊ नकोस. मॅडम त्यांच्याशी भांडल्या, उपयोग झाला नाही. वही मी मॅडमच्या हवाली केली. आरोहीच्या नावापुढची शून्ये खोटी आहेत, असे त्यांच्या शेजारी लिहून दिले आहे.

दाजी तिकडे पोचल्यावर तुझे काय झाले असेल या विचाराने घास उतरत नाही. कळव. शिव्या देऊन कळवलेस तरी चालेल. तुझी माया मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
अंगद


कोल्हापूरकडचा फड
२३ जानेवारी २०२५

अंगद,

हे आले, एकटे आले. टोळीला सांगितलं की पोरीला गोवर उठलाय. तेव्हापासून लेकुरवाळ्या बाया यांच्याजवळ बसत न्हाईत, पाणीसुदिक लांबून देतात. खरं काय झालं ते अबरारनं पुढच्या खेपेला आल्यावर ट्रॅक्टरच्या आडोशाला मला सांगितलं आणि तुझं पत्र दिलं. पोरगी ऐकत न्हाई, असं मुकादमापुढं म्हणायची यांना लाज वाटते, म्हणून गोवर धरून बसलेत. मला अजून कुणी काय केलेलं न्हाई. तुझा घास उतरतो का न्हाई ते तुझं तू बघ.

शाबासकी देईन असं वाटलं असंल तर देत न्हाई. तीन आठवडे ती तुझ्या डोळ्यांपुढं सोताच्या हाताला चावत होती, आणि मला बरं वाटावं म्हणून तू शून्याची बातमी लिहून धाडलीस. पोर गप झाली म्हणजे बरी झाली असं तिच्या बापाला वाटतं, मुकादमाला वाटतं. तू शाळेत बसून तेच शिकलास. बंद कर असं मीच लिहिलं होतं, तेबी मला माहीत हाय. ते मी माझं बघते. ते तू मला लिहून सांगू नको.

शाळेतून काढलं म्हणून घरात बसू नको. रोज तिला वर्गापर्यंत सोडायचं, सुटली की आणायचं, मधल्या वेळात फाटकाबाहेर बसायचं. फाटकाबाहेरचा रस्ता मुख्याध्यापकाच्या बापाचा न्हाई. तिचे हात रोज बघ. लिहू नको, नुसते बघ. ओरडली तर गावानं कानात बोळे घालावेत, तिला गप करायचं न्हाई. त्या रामला माझ्याकडून मूठभर शेंगदाणे दे, आणि पुन्हा ट्रॅक्टर उलटवलास तर मीच येऊन चावीन म्हणावं.

गोवर काय जन्मभर पुरत न्हाई. महिन्याभरात हे पुन्हा निघतील, तेव्हा एकटे येणार न्हाईत, मुकादमाला घेऊन येतील. तू दारात उभा राहशील का पळशील ते मला ठाऊक न्हाई. मॅडमना आधीच सांगून ठेव, त्या बायांनाही सांग.

आईला नमस्कार, आरोहीला माझा मुका. तुझं माझं मिटलेलं न्हाई, मी आल्यावर पुढं चालू.

वनमाला

ता. क. पुढचं नीट वाच. यापुढं माझ्या अक्षरात पत्र आलं, की मी आजारी हाय, मला तिला बघायचंय, तिला पाठवून दे, तर ते मीच लिहिलेलं असंल. पण कुणीतरी माझ्यामागं उभं राहून लिहून घेतलेलं असंल. पाठवू नको. मी फोनवर रडले तरी पाठवू नको. कारखाना बंद झाला की मी स्वतः दारात येईन. एकटी आले तर दार उघड. बरोबर हे असले, तर मलाबी आत घेऊ नको.